खांद्यावरच्या ढालीची तारीख

चिन्ह तळहातावर मावेल एवढेच. ढालीच्या आकाराचे, चार घरांचे: दोन निळी, दोन हिरवी. मधून तिरपी लाल वीज जाते. एका घरात पांढरा सूर्य, समोरच्या घरात पांढरा तारा. बहुतेक जुन्या नमुन्यांवर वरच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘मेरिल्स मरॉडर्स’ असे नाव भरलेले असते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर ब्रह्मदेशात लढलेल्या या अमेरिकी पथकाचे हे चिन्ह युद्धकाळात कधीच अधिकृत झाले नाही. सरकारी चिन्हामागे आराखडा, मंजुरी आणि पुरवठ्याचा हुकूम असतो. इथे त्यातले काहीच नसल्याने साक्ष काढायची ती कापडाची, धाग्याची आणि त्या पट्टीतल्या नावाची.

मराठी वाचकाचा पहिला तर्क देवळालीकडे जाईल, आणि त्याला कारणही आहे. अमेरिकी युद्धखात्याने या मोहिमेचा वृत्तान्त 1945 मध्येच प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे तीन हजार स्वयंसेवक सैनिक 31 ऑक्टोबर 1943 रोजी मुंबई बंदरात उतरले. त्यांचा पहिला मुक्काम नाशिकजवळच्या देवळालीला पडला. नोव्हेंबरमध्येच ते मध्य भारतातल्या देवगडला गेले आणि जानेवारीअखेरपर्यंत तिथे त्यांचा सराव चालला. देवळाली ही मुरलेली लष्करी छावणी. गणवेश शिवणारे, पट्ट्या-फिती लावून देणारे शिंपी अशा छावणीच्या आसऱ्याने असतातच. मग ही ढालही तिथेच भरली गेली असेल का?

नाव असलेल्या नमुन्यांपुरते उत्तर ठाम आहे: नाही. नोव्हेंबर 1943 मध्ये या पथकाला मेरिलचे नाव असणे शक्यच नव्हते. तेव्हा ‘गॅलाहॅड’ या सांकेतिक नावाने त्याचा उल्लेख होई. 5307 क्रमांकाचे ‘कॉम्पोझिट युनिट’ ही ओळख त्याला पुढे मिळाली. फ्रँक मेरिल यांच्याकडे नेतृत्व आले ते जानेवारी 1944 मध्ये. ‘मरॉडर्स’ हे बिरुद त्यानंतर वार्ताहरांनी रूढ केले. त्याचे श्रेय सहसा जेम्स शेपली यांना दिले जाते. देवळालीचा तर्क सोडताना मला वाईट वाटते, पण पट्टीतली अक्षरे त्याच्या आड येतात.

आता दुसरे टोक. 24 फेब्रुवारी 1944 रोजी पथक मोहिमेवर निघाले आणि 17 मे रोजी मिचिनाची धावपट्टी त्यांच्या हाती आली. मधल्या काळात रसद विमानातून टाकली जात होती आणि मुक्काम जंगलात होता. तिथे कशिदा कोण काढणार? धावपट्टी मिळाल्यानंतर मात्र चित्र पालटते. मेअखेरीस रोज 75 ते 100 जण आजारपणामुळे मागे पाठवले जात होते. आसामात लेडोच्या वाटेवर मार्गेरिटाला 20 वे जनरल हॉस्पिटल होते, दिनजानला विश्रांतीची छावणी. 10 ऑगस्टला पथक विसर्जित झाले. पथकाचे नाव गाजलेले, हाती उसंत आणि जवळ बाजार, या तिन्ही गोष्टी प्रथम एकत्र येतात त्या 1944 च्या उन्हाळ्यात. हातशिवणीचे बरेच नमुने तिथून पुढच्या महिन्यांत आसाम-बंगालकडे भरले गेले असावेत. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

रंगांची साक्ष अधिक नाजूक. पथकाच्या तीन बटालियनमध्ये मिळून सहा तुकड्या होत्या आणि प्रत्येकीला रंगाचे नाव होते: लाल-पांढरी, निळी-हिरवी, नारिंगी-खाकी. ढालीत पहिले चार रंग येतात; तिसऱ्या बटालियनचे दोन्ही रंग नाहीत. मग आराखडा पहिल्या दोन बटालियनपैकी कोणाचा असेल? हा प्रश्न मला फार मोहवतो, पण त्यावर भार टाकता येत नाही. चार रंग म्हणजे चार तुकड्या, सूर्य राष्ट्रवादी चीनच्या ध्वजावरचा, तारा ब्रह्मदेशाचा, हा अर्थ लष्कराच्या अधिकृत वर्णनात येतो. ते वर्णन पथकाचा वारसा सांगणाऱ्या 75 व्या इन्फंट्रीच्या बिल्ल्याचे आहे आणि तो बिल्ला 1969 मध्ये मंजूर झाला. पंचवीस वर्षांनी लिहिलेला अर्थ शिंप्यासमोर कागद ठेवणाऱ्याच्या मनात होताच, असे धरून चालता येत नाही.

उरते खुद्द वस्तू. संग्राहक आधी पाठीमागची बाजू पाहतात: गाठी, धाग्याची उडी, अस्तर. मग कृत्रिम धाग्याच्या शोधात अंधारात अतिनील दिवा धरतात. पॉलिएस्टरचा धागा बाजारात आला तो युद्धानंतर. तो सापडला की युद्धकाळाचा दावा संपला. नुसती निळसर चकाकी मात्र फसवी असते. युद्धानंतर घरोघरी पोचलेल्या धुण्याच्या पावडरींतली उजाळा देणारी रसायने खऱ्या जुन्या सुतालाही चमकवतात. आणि जुना साठवलेला सुती धागा वापरून केलेली नक्कल मुळीच चमकणार नाही. दिव्याने संशय घेता येतो, खरे सिद्ध करता येत नाही.

म्हणून चिन्ह शर्टावरून उसवून विकणाऱ्यांचा मला राग येतो. अमेरिकी सैनिकाच्या कपड्यावर धोब्यासाठी खूण असे: आडनावाचे पहिले अक्षर आणि लष्करी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. कॉलरच्या आत ती वाचता आली, तर पथकाच्या नामावलीशी ताडता येते. बाहीवर चिन्हाच्या कडेने कापड फिके आणि खाली गडद असेल, तर ते चिन्ह तिथे बराच काळ होते हेही कळते. टाके कापले की ही दोन्ही साधने एकदम जातात, आणि हातात उरते ती पुन्हा एक सुटी ढाल.