पितळी पातेलें आणि बालकांचें यकृत

रोगांच्या इतिहासांत कधीं कधीं खरा अपराधी घरांतच सांपडतो. १८८७ सालीं कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनीं बालकांच्या एका यकृतविकाराचें वर्णन केलें. एक ते तीन वर्षांच्या लेकराचें पोट फुगे, यकृत घट्ट होई, कावीळ दिसे. बहुधा कांहीं महिन्यांतच तें हातचें जाई. भावंडेंही दगावत. म्हणून कोणी आनुवंशिक दोष मानिला, कोणी विषाणूचा संशय घेतला. शरीराची रक्षकशक्तीच यकृतावर उलटते व विषाणू त्यास निमित्त होत असावा, असा विकार मुलांत आढळतो खरा. परंतु हा रोग तो नव्हे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत याचा छडा लावला. रुग्ण बालकांच्या यकृतांत तांबें अतोनात सांचलें होतें. वरचें दूध त्यांस लवकर सुरू झालें होतें, आणि तें बिनकल्हईच्या पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापवीत व ठेवीत. पितळेंत तांबेंच अधिक. दुधांतील केसीन तें धरून ठेवी. तांबें बाहेर काढणारें पेनिसिलामाइन वेळेवर मिळालें तेव्हां कित्येक मुलें वाचलीं; पुढें भांडीं बदललीं आणि रोगच ओसरला.

मुरुमपासून पुण्यापर्यंत पितळेस आपण शुद्ध मानीत आलों. त्याचा मान देवघरांत असो. तान्ह्याच्या दुधास मात्र तें नको.