वीस किलोंचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘सबब’ आणि ‘असबाब’ हे दोन्ही शब्द मराठीत बाहेरून आले आणि इथलेच होऊन राहिले. सबब म्हणजे कारण, निमित्त. असबाब म्हणजे सामानसुमान. मूळ अरबीत मात्र असबाब हे सबबचेच अनेकवचन आहे. परदेशी निघालेल्या माणसाची बॅग उघडून पाहिली, की या दोन शब्दांचे नाते पटते. तो का चालला आहे आणि कोणासाठी परत येणार आहे, याची सगळी कारणे त्या बॅगेत घडी घालून ठेवलेली असतात. विमानतळाच्या काउंटरवर ही कारणे काट्यावर चढतात. वीस किलोंच्या वर गेली की त्यांना भाव लागतो. हा भाव कोणी ठरवला, कसा ठरवला, याची गोष्ट आज सांगायची आहे.

जहाजांच्या काळात सामान हा फारसा चिंतेचा विषय नव्हता. जहाजाला वजनापेक्षा जागेची काळजी जास्त. मोठ्या ट्रंका तळघरात जात आणि त्यांच्यावर ‘प्रवासात नको’ अशा अर्थाचे इंग्रजी लेबल चिकटवलेले असे. मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हाजींच्या जहाजांत तांदूळ, डाळ, भांडीकुंडी असे सगळे बिऱ्हाडच चढत असे. हा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. आमच्या कोकणातले खलाशीही वर्षा-दोन वर्षांनी पत्र्याची भली मोठी पेटी घेऊन घरी येत. त्या पेटीत काय आहे हे सगळा गाव विचारी, पण तिचे वजन किती हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

विमानाने वजन हा विषय काढला. विमान हवेत उठायचे तर त्यात एकूण किती भार आहे हे ठाऊक असावेच लागते, आणि सुरुवातीची विमाने फार नाजूक होती. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर सामानाबरोबर खुद्द प्रवाशालाही काट्यावर उभे करीत. इम्पिरियल एअरवेजची इंग्लंड ते कराची सेवा १९२९ साली सुरू झाली ती याच काळात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्या पुस मॉथ विमानात प्रवासी नव्हताच. होती फक्त सुमारे २५ किलो टपाल. आपल्या नागरी विमान वाहतुकीचा पहिला असबाब तो. आज एखाद्या प्रवाशाच्या एका बॅगेत मावेल एवढा.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, एप्रिल १९४५ मध्ये, हवाना येथे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना नव्याने उभी राहिली. तिलाच आपण ‘आयाटा’ म्हणतो. पुढची कित्येक वर्षे जगभरची विमानभाडी या संघटनेच्या परिषदांत ठरत आणि सामानाचे नियमही तिथेच बनत. पहिल्या वर्गाला ३० किलो फुकट, इकॉनॉमीला २०. त्यावरच्या प्रत्येक किलोला पहिल्या वर्गाच्या एकेरी भाड्याच्या एक टक्का आकार. नियम एका ओळीचा, लक्षात ठेवायला सोपा. शंभर किलो जादा सामान म्हणजे पहिल्या वर्गाचे आणखी एक तिकीट.

या एका ओळीत जो अन्याय होता तो फारसा कोणी बोलून दाखवला नाही. सामान जास्त कोणाचे असते? पहिल्या वर्गातला माणूस एक चामडी सूटकेस घेऊन येतो. त्याला तिकडे सगळे मिळते. जादा सामान असते ते इकॉनॉमीच्या मागच्या रांगेत बसणाऱ्याचे. आणि त्याच्या किलोचा भाव ठरे तो पुढच्या पडद्याआडच्या खुर्चीवरून. समजा, पहिल्या वर्गाचे भाडे त्याच्या भाड्याच्या दुप्पट आहे. मग १५ किलो जादा झाले, की त्याला स्वतःच्या तिकिटाच्या तीस टक्के रक्कम मोजावी लागे. पुढे बऱ्याच मार्गांवर इकॉनॉमीच्या पूर्ण भाड्याच्या दीड टक्का असा हिशेब आला. पण एजंटाकडून स्वस्तातले तिकीट घेणाऱ्याला हे पूर्ण भाडे ठाऊकच नसे. ते त्याला काउंटरवर कळे.

१९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि कोकणातला तरुण जहाज सोडून विमानाने निघाला. म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, मंडणगड, खेड, चिपळूण या पट्ट्यात कुवेत, दुबई, मस्कत, दोहा ही नावे मुंबईइतकीच जवळची झाली. बापाच्या पत्र्याच्या पेटीच्या जागी मुलाचे पुठ्ठ्याचे खोके आले. नायलॉनच्या दोरीने ते असे आवळलेले असे की दोरीचेच मूठ-हँडल तयार व्हावे. चारी बाजूंनी मार्करने नाव, गाव, तालुका, जिल्हा. खोक्यात ब्लँकेट, दुधाच्या पावडरचे डबे, अत्तर, टॉर्च, टू-इन-वन. जाताना याच माणसाच्या बॅगेत सुकट, आमसुले, लोणचे, पापड आणि तांदळाची पिठी. माझ्या मते ही खोकी म्हणजे त्या काळच्या कोकणचा खरा अर्थसंकल्प होता. घरातल्या कोणाचे स्थान काय, हे त्यातल्या वाटपावरून कळे.

आणि या साऱ्याला फुकट वीस किलो. म्हणून मग किलो हेच नात्याचे चलन झाले. कोणी सुट्टीवर निघाला की खोलीतला सोबती विचारी, “भाईजान, दोन किलो जागा आहे का?” दोन किलो जागा देणारा तो सख्खा, नाही म्हणणारा तो परका, असे साधे गणित. निघण्याआधी स्प्रिंगच्या काट्याला खोके अडकवून चारचारदा तोलायचे. उन्हाळ्यातही अंगावर कोट, कोटाच्या खिशात बॅटरीचे सेल, काखेत ब्लँकेट. अंगावरचे कोणी तोलत नाही, क्रॉयडनचे दिवस गेले, हे सगळ्यांना पक्के माहीत. तरी वजन भरले की काउंटरच्या बाजूला फरशीवर खोके उघडायचे. अशा वेळी पहिल्यांदा बाहेर निघतात ते स्वतःचे कपडे. पैसे भरण्यापेक्षा दोन पँटी टाकलेल्या परवडतात.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. जादा किलोमागे कंपनी एवढे घेते, तर तिने सामान हरवले तर किलोमागे देते किती? याचे उत्तर १२ ऑक्टोबर १९२९ च्या वॉर्सा करारात होते. आपल्याकडे १९३४ च्या कायद्याने तो आला. करारात लिहिले होते, किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक. हा फ्रँक कागदी नव्हता. एका फ्रँकमध्ये ६५.५ मिलिग्रॅम सोने, तेही हजारात ९०० कसाचे, अशी त्याची व्याख्या खुद्द करारात होती. हिशेब केला तर २५० फ्रँकांत शुद्ध सोने भरते सुमारे पावणेपंधरा ग्रॅम. आपल्या भाषेत सव्वा तोळा! वीस किलोंची बॅग हरवली तर पंचवीस तोळे.

असे पंचवीस तोळे कोणाला मिळाल्याचे तुम्ही ऐकले आहे? मीही नाही. सत्तरच्या दशकात सोन्याची चलनाशी असलेली गाठ सुटली, बाजारात सोने भडकले; पण सामानाचा हिशेब अडकला तो अमेरिकी सरकारच्या जुन्या दरात, औंसाला ४२.२२ डॉलर. त्या दराने सव्वा तोळ्याचे झाले वीस डॉलर. तिकिटाच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत किलोमागे अंदाजे वीस डॉलर असे जे छापलेले असे, त्याची कुळकथा ही. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हा वाद गेला. फ्रँकलिन मिंट या नाणी पाडणाऱ्या कंपनीची ७१४ पौंडांची पार्सले टीडब्ल्यूए विमान कंपनीने हरवली होती. मागणी अडीच लाख डॉलरची होती. न्यायालयाने सोन्याचा बाजारभाव मानला नाही, पौंडाला ९.०७ डॉलर, म्हणजे किलोला तेच वीस, एवढेच देणे धरले. साडेसहा हजारांच्या आत सगळे आटोपले. नाणी विकणाऱ्या कंपनीची ही गत, तर मंडणगडच्या सुताराला वीस किलोंचे चारशे डॉलर मिळाले तरी तो नशीबवान. घेताना किलोचा भाव भाड्याबरोबर वाढत गेला, देताना तो जागचा हलला नाही.

अमेरिकेची वाट वेगळी निघाली. तिथल्या सरकारी विमान मंडळाने वजनाच्या पद्धतीला आक्षेप घेतला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मार्गांवर किलोऐवजी नग मोजायला सुरुवात झाली. इकॉनॉमीला दोन बॅगा, आणि बरीच वर्षे प्रत्येकी ३२ किलोंपर्यंत. म्हणजे मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या पुण्याच्या आजी-आजोबांना प्रत्येकी ६४ किलो. गोडा मसाला, बेसनाचे लाडू, कुकर, दिवाळी अंक सगळे त्यात बसे. त्याच मुंबई विमानतळावर शेजारच्या रांगेत दुबईला निघालेल्या गवंड्याला २०. दोघेही इकॉनॉमीतलेच. पुढे अमेरिकेच्या बॅगाही २३ किलोंवर आल्या.

३२ किलो हा आकडा मात्र मला मान्य आहे. त्यामागे विमानाचा नव्हे, माणसाच्या कमरेचा विचार आहे. विमानाच्या पोटात वाकून बॅगा रचणाऱ्या लोडरने एका वेळी किती उचलावे, त्याची ती मर्यादा. तिच्यावरची बॅग पैसे भरूनही घेत नाहीत, दोन करायला लावतात.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. वजन ही थट्टा नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथे एक छोटे विमान उडताच कोसळले आणि त्यातले सगळे २१ जण गेले. दुरुस्तीत चूक होतीच; पण विमान ठरल्यापेक्षा जड आणि मागच्या बाजूला झुकलेलेही होते. प्रवाशाचे आणि त्याच्या सामानाचे सरासरी वजन जे गृहीत धरत, ते खऱ्याहून कमी निघाले. शिवाय इंधन. लांबच्या उड्डाणात जादा वजनाच्या साधारण तीन-चार टक्के इंधन दर तासाला जळते. मुंबई-लंडनच्या नऊ-दहा तासांत एका किलोपायी पाव ते चारशे ग्रॅम. पण या इंधनाची किंमत आणि काउंटरवरची पावती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. विमानाचे पोट मालवाहतुकीला भाड्याने जाते, आणि तोच किलो मालाच्या दाराने गेला तर पुष्कळ स्वस्त पडतो. आखातातल्या गल्लोगल्ली घरपोच कार्गोवाले उभे राहिले ते याच फरकावर. गरीब माणसाने हिशेब उशिरा का होईना, पण बरोबर ओळखला.

नंतरची हकीकत अलीकडची आहे. युरोपात २००६ साली रायनएअरने काउंटरवर दिलेल्या प्रत्येक बॅगेला पैसे लावले. जून २००८ मध्ये, तेल भडकलेले असताना, अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासात पहिल्याच बॅगेला १५ डॉलर घेणे सुरू केले. तेल उतरले, पैसे राहिले. आता अनेक कंपन्यांचे सामान तिकिटापासून सुटे झाले आहे. आधी नोंदवले तर एक दर, काउंटरवर दुसरा, अर्थातच चढा.

हाजींच्या बाबतीत मात्र एक वेगळी रीत पडली. त्यांना सोडून रिकामी परतणारी विमाने झमझमचे पाणी आधीच घेऊन येतात, आणि हाजी उतरला की इथल्या विमानतळावर पाच लिटरचा कॅन त्याच्या हाती ठेवतात. ते पाणी त्याच्या किलोंत धरत नाहीत.

सोन्याचा वायदा शेवटी मॉन्ट्रियलच्या १९९९ च्या कराराने निकालात काढला. त्यात किलो नाही, माणूस मोजला आहे: दर प्रवाशामागे ठरावीक मर्यादा, जी २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे दोन हजार डॉलर आहे. भारत या करारात २००९ साली सामील झाला. बॅग फुटली असेल तर ती मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा आली असेल तर हाती आल्यापासून एकवीस दिवसांत तक्रार करावी लागते. ती लेखीच हवी, आणि बॅगेच्या वजनाची ती चिकटपट्टीची पावती तोवर फेकायची नाही.