दूरच्या यंत्राची किल्ली

१९८५ सालच्या एप्रिल महिन्याच्या २६ तारखेस इंग्लंडमधील केंब्रिज येथें ॲकॉर्न कंपनींत एक नवी चिप प्रथमच चालूं झाली. सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं तिची रचना केली होती. तिला वीज किती लागते हें फर्बर मोजूं लागले, तों मापक शून्यच दाखवी ! शोध घेतां असें आढळलें कीं, पट्टीवरील एका दोषामुळें चिपला वीज पोंचतच नव्हती. भोंवतालच्या भागांतून झिरपणाऱ्या अल्पशा प्रवाहावर ती बिनतक्रार काम करीत होती. आर्म या नांवानें पुढें जगभर पसरलेल्या वंशाची ही मूळ चिप. आणि मितव्यय हा त्या वंशाचा कुलधर्म.

या वंशांतील रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या पानाएवढा संगणक २०१२ च्या २९ फेब्रुवारीस विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर, स्मृति २५६ मेगाबाइट. मुलांना प्रोग्रॅम लिहिण्याची गोडी लागावी, हा जनकांचा हेतु. पण हौशी लोकांनीं त्याला घरच्या सर्व्हरची चाकरी दिली.

कपाटांत ठेवलेल्या अशा सर्व्हरला बहुधा पडदा नसतो, कळफलकहि नसतो. त्याची व्यवस्था दुरूनच पाहावी लागते. ही विद्या आर्मच्याहि आधींची. १९६९ पासून चालत आलेल्या टेलनेटच्या पद्धतींत परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. १९९५ मध्यें हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठांत असे शब्द चोरीस गेल्यावर तेथील टाटू यलोनेन यांनीं संदेश गुप्त लिपींत नेणारी एसएसएच ही योजना सिद्ध केली. १९९७ मध्यें जेमी कॅमेरॉन यांच्या वेबमिननें याहून सोपी वाट काढली : आज्ञा पाठ न करतां ब्राउझरच्या पानावरूनच सर्व्हरचा कारभार पाहावा.

परंतु एकाच लहान संगणकावर अनेक कामें चालूं लागलीं कीं भांडणें उद्भवतात. एका सॉफ्टवेअरची सामग्री दुसऱ्यास चालत नाहीं. यावरील तोड सावकाश घडत गेली. १९७९ मध्यें युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत तिचें बीज पडलें, २००० मध्यें फ्रीबीएसडीनें 'जेल' निर्माण केलें, आणि २०१३ च्या मार्चमध्यें सॉलोमन हाइक्स यांनीं डॉकर लोकांपुढें मांडलें. कंटेनर म्हणजे चाळींतील खोली. प्रत्येक बिऱ्हाडाच्या भिंती वेगळ्या, भांडींकुंडीं वेगळीं; पाया आणि नळ मात्र सर्वांचा एक. प्रत्येकास निराळा बंगला बांधून देण्याची ऐपत नसलेल्या लहान संगणकास ही चाळच परवडते.

तरी एक अडचण उरली. कंटेनर ज्या तयार सांच्यावरून उभा राहतो त्यास इमेज म्हणतात. इंटेलच्या चिपसाठीं बांधलेली इमेज आर्मवर चालत नाहीं, कारण दोघांची आज्ञांची भाषाच निराळी. २०१७ मध्यें डॉकरच्या अधिकृत इमेज एकाच नांवाखालीं दोन्ही जातींच्या चिपांसाठीं मिळूं लागल्या, आणि ही अडचण बरीच ओसरली.

मग कारभाऱ्यानेंहि चाळींतच बिऱ्हाड केलें. पोर्टेनर हें सॉफ्टवेअर स्वतः कंटेनरांत राहून इतर कंटेनर चालवितें व थांबवितें. खरें मर्म येथेंच आहे. त्याला यंत्रावरील कारभार पाहतां यावा म्हणून डॉकरचें सॉकेट त्याच्या स्वाधीन करावें लागतें. आणि ज्याच्या हातीं तें सॉकेट, तो साऱ्या यंत्राचा धनी. भिंती भाडेकऱ्यांना अडवितात. किल्ल्यांचा जुडगा बाळगणाऱ्याला नव्हे.

हा धोका कल्पनेंतला नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें असें उघडकीस आलें कीं, वेबमिन ज्या संगणकावर बांधलें जाई त्यांत कोणी अज्ञातानें २०१८ च्या एप्रिलमध्येंच शिरून घातकी मजकूर घुसडला होता. सर्वांना पाहावयास ठेवलेली मूळ प्रत स्वच्छ, वांटलेली प्रत मात्र दूषित. १.८९० या आवृत्तींत तर परवलीचा शब्द ठाऊक नसणाराहि दुरून यंत्रास आज्ञा देऊं शके. दोष उमगतांच १.९३० ही शुद्ध आवृत्ति निघाली. पण तोंवर वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

सोयीच्या या इतिहासांत प्रत्येक पायरीस श्रम कमी झाले, आणि विश्वास मात्र एकेक हात दूर सरकला : यंत्राजवळच्या माणसाकडून तारेकडे, तारेकडून सॉफ्टवेअरकडे, आणि तेथून तें बांधणाऱ्या अनोळखी कार्यशाळेकडे. म्हणून जाणते लोक कारभाऱ्याचें दार हमरस्त्यावर उघडें ठेवीत नाहींत. एसएसएचच्या बंद वाटेनें तेथें जातात, आणि इमेज कोणी बांधली हें पाहूनच ती घरांत घेतात. ३५ डॉलरांचा संगणक पुन्हा घेतां येतो. त्याच्या पोटांत ठेवलेलीं घरचीं छायाचित्रें आणि पत्रें पुन्हा मिळत नाहींत.