कोयनेची वीज आणि शेवटच्या वस्तीचा हिशेब

बचत गटाच्या बैठकीत मुद्दल, व्याज, हप्ता हे सगळं आपण तोंडी सांगतो. विजेची गोष्ट निघाली की मात्र म्हणतो, "ते वायरमनला विचारा." पण विजेचा हिशेबही गुणाकार-भागाकाराचाच आहे. तो कुठून आला आणि आपल्या सातारा-सांगलीशी त्याचं काय नातं आहे, ते आज ऐकू या.

गटाच्या गिरणीच्या किंवा शेवयांच्या मशीनवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट असे शब्द असतात. ही माणसांची नावं आहेत. इटलीच्या व्होल्टानं १८०० साली पहिली बॅटरी केली. अँपिअर फ्रान्सचा. वॅट स्कॉटलंडचा, वाफेच्या इंजिनवाला. इंजिनाची ताकद त्यानं घोड्याच्या ताकदीशी मोजली, म्हणून आजही मोटारीवर 'एचपी' लिहितात. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली सांगली भागातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आधी नांगर झाले, पुढे पंप आले आणि 'किती एचपीची मोटार?' हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरोघरी पोचला.

चौथं नाव ओहम. हा जर्मनीतला शाळामास्तर, कुलपं करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तेव्हाच्या बॅटरीची वीज सारखी कमी-जास्त व्हायची. मग त्यानं दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून स्थिर वीज मिळवली. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून तो मोजत राहिला. १८२७ साली त्यानं पुस्तक छापलं, पण त्याच्या देशात त्याची फारशी कदर झाली नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं पदक दिलं, तेव्हा त्याला मान मिळाला.

हा हिशेब असा आहे. व्होल्ट म्हणजे वीज ढकलणारा जोर. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारी वीज. त्या वाहण्याला तार जो अडथळा करते तो रोध, आणि तो ओहममध्ये मोजतात. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध निघतो. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट, म्हणजे ताकद निघते.

पाणी तापवायचा हीटर घ्या. २३० व्होल्टवर तो ५ अँपिअर घेतो. २३० भागिले ५, रोध ४६ ओहम. २३० गुणिले ५, ताकद ११५० वॅट. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट, म्हणजे हा हीटर तासाला सव्वा युनिटाला थोडं कमी खातो. मोटारीच्या मशीनला हा गुणाकार अंदाजापुरताच धरा, खरे वॅट त्याहून थोडे कमी भरतात.

आता कोयनेकडे वळू. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी पश्चिमेला खाली सोडून वीज करायची, हे टाटांनी १९१५ साली खोपोलीला करून दाखवलं. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. कोयनेलाही तसंच झालं. पाटण तालुक्यात धरण बांधलं, डोंगराच्या पोटातून बोगदा काढला आणि पाणी कोकणात पोफळीला उतरवलं. १९६२ साली तिथं पहिलं यंत्र फिरलं. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. त्यासाठी पाटण-जावळीच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, आपल्याच आयाबायांना चुली उचलून परमुलखात जावं लागलं.

ही वीज मनोऱ्यांवरच्या तारांतून दोन लाख वीस हजार, कुठं चार लाख व्होल्टनं जाते. एवढे व्होल्ट कशाला? समजा एक लाख वॅट पाठवायचे आहेत. २२० व्होल्टनं पाठवले तर साडेचारशेवर अँपिअर लागतात. ११ हजार व्होल्टनं पाठवले तर नऊच. अँपिअर पन्नास पटींनी घटले की तार तापून वाया जाणारी वीज पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजार पटींनी घटते. गावाजवळ आल्यावर डीपी हे व्होल्ट उतरवून घरच्या मापाचे करते.

खरी अडचण डीपीच्या पुढं सुरू होते. वस्तीपर्यंत लांब, बारीक तार असते. तिचा जाऊन-येऊन रोध २ ओहम धरा. संध्याकाळी सगळ्या घरांचे मिळून २० अँपिअर वाहिले, तर २० गुणिले २, चाळीस व्होल्ट वाटेतच गेले. डीपीला २३० होते, शेवटच्या घरात १९० उरले. तारेत वाया गेले ८०० वॅट. ते मीटरच्या आधीच जातात, म्हणून बिलात दिसत नाहीत.

व्होल्टेज १८० वर आलं की ४६ ओहमचा तोच हीटर ७०४ वॅटच देतो, म्हणून पाणी तापता तापत नाही. गिरणीचं उलटं होतं. भार तेवढाच असतो, म्हणून जोर कमी पडला की मोटार जास्त अँपिअर ओढते, आतलं वाइंडिंग तापतं आणि जळतं. मग दोष येतो बाईवर, "तुम्हाला मशीन वापरता येत नाही." मैत्रिणींनो, दोष पुष्कळदा तारेचा असतो, आणि तो कागदावर दाखवता येतो.

म्हणून या महिन्यात दोन कामं करू. बैठकीला येताना आपापल्या मशीनच्या पट्टीवरचे आकडे वहीत उतरवून आणा. आणि ज्यांच्याकडे स्टॅबिलायझरवर व्होल्टचा काटा आहे, त्यांनी सकाळी आणि दिवेलागणीला आकडा बघून तारीख-वेळेसह लिहा. उघड्या तारेला हात लावायचा नाही, ते काम वायरमनचंच. आठ दिवसांचे आकडे जोडून गटाच्या नावानं वीज कार्यालयात अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्या. 'लाइट मंद येते' या तक्रारीवर 'बघू' म्हणता येतं. 'सात वाजता १९०' असं आठ दिवस लिहिलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.