गँटच्या पट्ट्यांची वंशावळ

लडाखमध्ये कामाचा हंगाम छोटा. मे महिन्यात जमीन जरा सैल होते आणि ऑक्टोबर लागला की काँक्रीट नीट धरत नाही. तेवढ्या दिवसांत निवारे उभे करायचे: पाया, जोतं, सांगाडा, पॅनेल, छत, बुखारीची चिमणी. मी खडकीला घडलेला सॅपर, पण सध्या ऑफिसातला कॉम्प्युटर माझ्याकडे आहे, म्हणून या सगळ्याचा गँट चार्टही माझ्याकडे आला. मशीनला इंटरनेट नाही. अ‍ॅनीचार्ट नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी रीतसर परवानगीने मशीनवर घातली आहे, तिच्यावर काम चालतं. पण आज लिहायचंय ते या चार्टच्या इतिहासाबद्दल, कारण त्याची बरीच मुळं आपल्याच पेशात सापडतात.

हेन्री गँट हा अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर, जन्म 1861. 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा कारखाने होते, ऑर्डरी होत्या, पण कुठला माल किती मागे पडलाय हे कुणाला एका नजरेत दिसत नव्हतं. गँटने फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये, म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि पुढे जहाजबांधणीत आपले तक्ते लावले. त्याची युक्ती साधी होती. एका आठवड्याचं घर म्हणजे त्या आठवड्याचं ठरलेलं काम. तीन चतुर्थांश काम झालं तर रेघ घराच्या तीन चतुर्थांशापर्यंतच. बारीक रेघ त्या-त्या मुदतीची, जाड रेघ आजवरच्या बेरजेची. जाड रेघ आजच्या तारखेच्या अलीकडे थांबली की समजायचं, गाडी मागे आहे. गँट 1919 मध्ये गेला. त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याने 1922 मध्ये या तक्त्यांवर पुस्तक काढलं आणि नाव जगभर झालं.

खरं तर त्याच्या आधी पोलंडचा कारोल अदामिएत्स्की होता. पोलाद लाटायच्या गिरण्यांत काम करताना 1896 च्या सुमारास त्याने ‘हार्मोनोग्राम’ केला. प्रत्येक कामाची एक कागदी पट्टी, आणि पट्टीवर ते काम कोणत्या कामानंतर येतं आणि त्याच्यापुढे कोणतं जातं याची नोंद. पट्ट्या सरकवता येत. गँटच्या तक्त्यात एका कामाचं दुसऱ्यावर अडणं दिसत नसे, ते या माणसाने आधीच कागदावर आणलं होतं. पण त्याने लिहिलं पोलिश आणि रशियनमध्ये, म्हणून पश्चिमेला उशिरा कळलं. माझ्या मते या चार्टला अदामिएत्स्कीचं नाव असायला हवं होतं.

तिसरी गोष्ट उतरंडीची. मोठं काम फोडून लहान, ते फोडून आणखी लहान, आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी पदरात. फोरमन लोक हे पूर्वीपासून करत, पण नियमात बांधलं गेलं पोलारिस क्षेपणास्त्रानंतर. अमेरिकन नौदलाने 1958 मध्ये त्यासाठी पर्ट ही जाळ्याची पद्धत काढली. 1962 मध्ये संरक्षण खातं आणि नासाने खर्चाचा हिशोब जोडलेली मार्गदर्शिका काढली, तिच्यात कामाची ही फोड आली; 1968 मध्ये तिचं लष्करी मानक झालं.

आता माझ्या टेबलावर या. चार्टसाठी डेटा तयार करताना या तीन माणसांची तीन कामं एकाच ओळीत बसवावी लागतात. गँटची सुरुवात-शेवट आणि किती टक्के झालं, अदामिएत्स्कीचं ‘कशानंतर’, आणि उतरंडीतलं ‘कुणाच्या पोटात’. लायब्ररी डेटा दोन तऱ्हांनी घेते. एक झाड: आईच्या पोटात मुलं, त्यांच्या पोटात नातवंडं. दुसरा सपाट तक्ता: प्रत्येक ओळीला आयडी आणि पेरेंटचा आयडी. आपल्याकडे हे नवीन नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत प्रत्येकाच्या नावापुढे बापाचं नाव असतं; त्यावरून घराण्याचं झाड हवं तेव्हा मांडता येतं. एक्सेलमधून येणाऱ्या कामाला सपाट तक्ताच बरा.

आयडी मात्र कामाच्या नावावरून करू नये. ‘पाया’ प्रत्येक निवाऱ्याला आहे. पेरेंटच्या रकान्यातला प्रत्येक आयडी खरोखर कुठल्या तरी ओळीचा आहे ना, आणि कुणी आपल्याच नातवाच्या पोटात नाही ना, हे चार्ट काढायच्या आधी तपासून घ्यायचं. वरच्या ओळींना तारखा देऊच नयेत. लायब्ररी मुलांच्या तारखांवरून काढते. हाताने घातल्या की साहेबांना हवी ती तारीख तिथे येऊन बसते. महिन्यांची तर गंमतच आहे. जावास्क्रिप्टमध्ये ते शून्यापासून मोजतात, जून म्हणजे 5. 1995 मध्ये ही भाषा घाईने बांधताना तारखेचा भाग जावावरून उचलला, त्याचं हे देणं. शिवाय वर्ष-महिना-दिवस एवढीच तारीख लिहिली तर ती ग्रीनिचची मानली जाते, आणि आपल्याकडे काम पहाटे साडेपाचला सुरू झालेलं दिसतं. फौजेत त्यात कुणाला नवल वाटत नाही, तो भाग वेगळा.

पोलारिसची एक बाजू सांगायची राहिली. पाणबुडीतून पहिलं क्षेपणास्त्र 20 जुलै 1960 ला सुटलं आणि श्रेय पर्टला मिळालं. हार्वे सापोल्स्की या अभ्यासकाने 1972 च्या पुस्तकात दाखवलं की त्या चकचकीत चार्टांचा मोठा उपयोग बाहेरच्यांना लांब ठेवायला झाला. पाहुणे आले, भिंत बघितली, खूश होऊन गेले. ज्याने व्हिजिटच्या आदल्या रात्री भिंतीवर चार्ट चिकटवलेत त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

आमच्याकडे याच जागी वाद झाला, बुखारीच्या चिमणीवरून. चिमण्यांचं सामान खालून ट्रकने येतं, म्हणून स्टोअरवाल्यांचं म्हणणं, ती ओळ ‘सामान’ या मथळ्याखाली घाला. तसं केलं तर छत बसताच निवाऱ्याची पट्टी शंभर टक्के भरते, मिटवलेल्या चार्टवर सगळं हिरवं दिसतं, आणि उणे वीसमध्ये आत झोपणाऱ्या पोरांकडे शेगडी पेटवायची सोय नसते. चिमणीची वाट ट्रककडे आहे, पण ती आहे निवाऱ्याच्या पोटातलीच. सुभेदार साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि एवढंच विचारलं, ‘‘धूर कुठून जाणार?’’ आता प्रत्येक चिमणीचा पेरेंट तिचा निवारा आहे, ट्रककडून तिला फक्त एक बाण येतो. आठ निवाऱ्यांच्या पट्ट्या त्या दिवशी शंभरावरून खाली आल्या. साहेबांनी चार्ट तसाच छापायला सांगितला, सगळ्या ओळी उघड्या ठेवून.