थट्टेचे चिलखत उतरते तेव्हा

अमेरिकी दूरचित्रवाणीवरील प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकांचा हंगाम परंपरेने सप्टेंबरमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपत असे. एरवी या मालिकांतील पात्रांनी फारसे बदलायचे नसते, कारण प्रेक्षक दर आठवड्याला त्यांच्या ओळखीच्या खोडींनाच हसायला येतो. अखेरच्या भागात मात्र कुणाला तरी एक पाऊल पुढे टाकावेच लागते. ही कसरत कशी साधते, हे 'फ्रेंड्स'च्या सहाव्या हंगामाच्या शेवटात पाहावे. 'एनबीसी'वर १८ मे २००० रोजी तो दोन भागांत प्रसारित झाला.

चँडलर हा थट्टेआड लपणारा तरुण. आईवडिलांच्या घटस्फोटाने पोळलेला. मोनिकाला मागणी घालण्यासाठी तो तिला उपाहारगृहात नेतो, तर शेजारच्याच टेबलावर तिचा पूर्वीचा प्रियकर रिचर्ड येऊन बसतो. बेत फसतो. तिला सुगावा लागू नये म्हणून चँडलर मग लग्नसंस्थेचीच टिंगल सुरू करतो. येथपर्यंत सारे नेहमीचे प्रहसन. पण मोनिका ते सोंग खरे मानते. सहा हंगाम त्याने याच स्वभावावर तर हशा मिळवलेला असतो! त्यातच रिचर्ड आता लग्नाला आणि मुलांनाही तयार असतो. मुलांच्याच प्रश्नावरून ते दोघे १९९६ मध्ये, दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, विलग झाले होते. त्यामुळे हे संकट ओढूनताणून आणलेले वाटत नाही. चँडलरचा विनोद प्रथमच त्याच्या अंगाशी येतो.

पुढे मोनिका निघून गेल्याची थाप जोई मारतो आणि सोंगाची परतफेड सोंगाने होते. दार उघडताच मेणबत्त्यांच्या उजेडात मोनिका दिसते. गुडघ्यावर बसून ती बोलू लागते, पण रडू आवरत नाही. मग चँडलर गुडघे टेकतो आणि एकही कोटी न करता बोलतो. लेखकांनी त्याच्याकडून त्याचे हत्यार काढून घेतले आहे. हशा आता इतरांच्या वाट्याला: दाराबाहेर ताटकळलेले मित्र आत घुसतात आणि अनुपस्थित रॉसच्या तीन लग्नांवरून कोटी होते.

जोडकथानकांत, किमतीचा अंदाज समजून लिलावात वीस हजार डॉलरची बोली लावून बसलेला जोई झकास जमला आहे. रॉस आणि एलिझाबेथची ताटातूट मात्र उरकल्यासारखी वाटते.

मे २००१ मध्ये सातव्या हंगामाच्या अखेरीस या दोघांचे लग्न लागले. त्याआधी चँडलर घाबरून पुन्हा एकदा नाहीसा झाला होता.