तेंदूच्या पानाचा भाव कोण ठरवणार?

१९८०च्या सुमारास आंध्रातून नक्षलवाद्यांची दलमं गडचिरोलीत उतरली. त्यांना इथे पाय रोवता आले ते पुस्तकातल्या क्रांतीपेक्षा तेंदूपत्त्याच्या भावामुळे. एप्रिल-मेमध्ये पहाटेच जंगल गाठायचं, पानं तोडायची, घरी पुडे बांधायचे आणि कंत्राटदार देईल ते निमूट घ्यायचं. दलमांनी कंत्राटदारांना धाक दाखवला, भाव वाढला.

पुढे त्याच कंत्राटदारांकडून दलमं खंडणी घेऊ लागली. म्हणजे पानं तोडणाऱ्यांच्या घामावरच बंदूक पोसली जाऊ लागली. रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली, खबरी ठरवून गावकऱ्यांना मारलं गेलं. पोलिसांचा संशयही याच गावांवर.

यातून वाट निघाली ती कायद्याने. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. नंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या.

याने खंडणी लगेच थांबली नाही. पण चांगल्या भावासाठी बंदूकवाल्याचीच गरज असते, हा समज मोडला. जिथे ग्रामसभा लिलाव करते, तिथे भावाची बोलणी आता गावच करतं.